सुतार बोलावण्याआधी: नागपुरात घराच्या इंटिरिअरचं नियोजन कसं करायचं

फ्लॅटची किल्ली हातात आली की बहुतेक घरांतून पहिला फोन सुताराला जातो. तो येतो, भिंती बघतो, "कपाट इथं घेऊ, टीव्ही तिथं लावू" असं बोलता बोलता ठरतं आणि आठवड्याभरात प्लायची थप्पी हॉलमध्ये येऊन पडते. महिन्या-दीड महिन्यानं इलेक्ट्रिशियन विचारतो, पलंगाजवळचा स्विच कुठं द्यायचा? तोवर भिंतीला दोन हात पुट्टी लागलेली असते. मग फोडाफोड, पुन्हा प्लास्टर, पुन्हा पुट्टी, आणि रंगानंतरही दिसत राहणारा ठिगळाचा पट्टा.

हे टाळायचं तर एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. काम ज्या क्रमानं होतं, त्याच्या उलट क्रमानं निर्णय घ्यावे लागतात. पलंग घरात सगळ्यात शेवटी येतो, पण तो कुठं राहणार हे सगळ्यात आधी ठरावं लागतं. पलंगावरून स्विचची जागा ठरते, स्विचवरून वायरची झिरी (वायरसाठी भिंतीत कापायची खाच), आणि झिरी बुजल्याशिवाय प्लास्टर-पुट्टी पुढं सरकत नाही. पुढची सगळी मांडणी याच हिशेबानं केली आहे.

मुहूर्त हवामानाचा बघा

नागपुरात साधारण जूनच्या मध्यावर पाऊस लागतो आणि सप्टेंबरपर्यंत राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंती आतून ओल्या असतात. त्यावर पुट्टी लावली तर ती दिवाळीपर्यंत पापुद्र्यासारखी सुटते. लाकडाचं पॉलिशही या दिवसांत धोक्याचं. हवेतला दमटपणा ओल्या थरात अडकतो आणि चकाकीऐवजी दुधट पांढरी झाक येते. मे महिन्याची तऱ्हा उलटी. पारा ४५ अंशांवर गेला की नवं प्लास्टर पाणी मारता मारता सुकतं आणि त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात. पुट्टी ओढताना हातातच घट्ट होते. कारागीर दुपारी काम थांबवतात, आणि थांबवायलाच हवं.

त्यामुळे दसऱ्यापासून पुढचे चार-पाच महिने सगळ्यात चांगले. पितृपक्षात बरेच जण नवं काम सुरू करत नाहीत. ते पंधरा दिवस मोजमाप, यादी आणि कोटेशन यांसाठी वापरा. दसऱ्यानंतर तोडफोड, प्लंबिंग आणि वायरिंगच्या झिरी उरकून घ्या. दिवाळीत आणि छठपूजेला अनेक सुतार-पीओपीवाले गावी जातात. त्या खंडात प्लास्टर मुरू द्या, म्हणजे सुट्टी वाया जात नाही. नोव्हेंबर ते जानेवारी सुतारकाम आणि शेवटी रंग. दोन बेडरूमच्या घराला साडेतीन-चार महिने धरले तर गुढीपाडव्याला राहायला जाता येतं, तेही कूलरचे दिवस सुरू व्हायच्या आत. "दीड महिन्यात देतो" असं कोणी म्हणालं तर त्यात रंग आणि प्लंबिंग धरलंय का, ते विचारा.

जुनं घर किंवा रीसेलचा फ्लॅट असेल तर पावसाळ्यातच एक फेरी मारा. संततधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक भिंत, छताचे कोपरे आणि खिडकीच्या चौकटीखालचा भाग हातानं चाचपा. ओल दिसली की पेन्सिलनं कड आखून तारीख लिहा. जानेवारीत ती भिंत कोरडी ठणठणीत दिसेल आणि तिच्यावरच कपाट बसेल. त्या वेळी ही पेन्सिलची रेघच तुम्हाला वाचवेल.

मोजमाप: बिल्डरच्या नकाशावर विसंबू नका

ब्रोशरमधली मापं प्लास्टरच्या आधीची असू शकतात. स्वतः मोजा. पाच मीटरचा स्टील टेप, वही, आणि टेपचं टोक धरायला घरातलं एक माणूस, एवढं पुरे.

प्रत्येक भिंतीची लांबी तीन उंचीवर घ्या: फरशीलगत, ३ फुटांवर आणि ७ फुटांवर. तीनही आकडे क्वचितच सारखे येतात. भिंतीपासून भिंतीपर्यंत बसणाऱ्या कपाटासाठी सगळ्यात लहान आकडा धरायचा. मोठा धरला तर कपाट आत शिरत नाही आणि मग बाजूची फळी रंधून जागेवर बसवतात. सुतार सूत या मापात बोलतो. एका इंचाचे आठ सूत. "दोन सूत कमी आहे" म्हणजे पाव इंच. मापं इंच-सुतातच लिहिलीत तर गोंधळ होत नाही.

मग कोपरे तपासा. कोपऱ्यापासून एका भिंतीवर ३ फुटांवर खूण करा, दुसरीवर ४ फुटांवर. दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. अर्धा-पाऊण इंच फरक असेल तर एल आकाराच्या ओट्याचा ग्रॅनाइट कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा काढायला सांगा. भिंत ओळंब्यात, म्हणजे उभी सरळ आहे का हेही बघा, विशेषतः जिथं उंच कपाट येणार तिथं. भिंत झुकलेली असली की कपाटाचं दार सरळ बसतं, पण मागं वर किंवा खाली पाचरीसारखी फट उरते.

वहीत आणखी एवढं हवंच: बीम छतापासून किती खाली येतो, खिडकीची खालची कड फरशीपासून किती उंच आहे, दार कोणत्या बाजूला आणि कुठपर्यंत उघडतं, कॉलम भिंतीबाहेर किती आलाय, नळ आणि ड्रेनचे पाइप कुठून गेलेत. हे सगळं पाव इंचाला एक फूट या प्रमाणात आलेख कागदावर काढा. चित्र सुबक नसलं तरी चालेल, आकडे खरे हवेत.

आता फर्निचर कागदावर मांडा. डबल बेड साधारण ६ बाय ६॥ फूट. त्याच्या बाजूनं निदान २ फूट मोकळे हवेत, आणि समोर कपाट असेल तर पलंग व कपाट यांत ३ फूट. उघडझाप दाराच्या कपाटाची खोली २४ इंच, सरकत्या दाराची २६ ते २७. जेवणाच्या टेबलामागं खुर्ची ओढायला ३० इंच. कागदावर बसलं की तीच मापं प्रत्यक्ष खोलीत मास्किंग टेपनं फरशीवर चिकटवा आणि दोन दिवस त्यातून चाला. कपाटाचं दार पलंगाला अडतं की नाही हे कळायला याहून स्वस्त उपाय नाही.

कूलर की एसी, हे आधी ठरवा

मुंबई-पुण्याच्या घरांवर बेतलेल्या याद्यांमध्ये हा प्रश्न क्वचितच असतो. नागपुरात तो पहिल्या पानावर हवा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कूलरसारखा गारवा कमी विजेत दुसरा कोणी देत नाही. पण पाऊस लागला की हवा दमट होते आणि कूलर निकामी ठरतो. तेव्हा आणि ऑक्टोबरच्या उन्हात एसी लागतो. म्हणून अनेक घरांत दोन्ही असतात, आणि दोन्हींची सोय भिंतीत आधीच करावी लागते.

कूलर बाहेरची हवा ओली करून आत ढकलतो. ती हवा दुसरीकडून बाहेर गेली नाही तर खोली गार होत नाही, फक्त चिकट होते. म्हणून कूलरची खिडकी ठरली की समोरच्या बाजूची खिडकी किंवा दार उघडं राहील असं फर्निचर मांडा. ज्या खिडकीतून हवा बाहेर जायची तिच्यावरच उंच कपाट बसवलं की ती ओल प्लायमध्ये, गाद्यांमध्ये आणि कपड्यांमध्ये मुरते. मे अखेर कपाटाला कुबट वास येतो तो याच कारणानं. झोताच्या थेट समोर एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), व्हीनिअर (लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा कागदी वॉलपेपर नको. एमडीएफच्या उघड्या कडा पाणी ओढून फुगतात आणि फुगलेली कड पुन्हा बसत नाही. जिप्समच्या फॉल्स सीलिंगचे सांधेही झोत वर वळवला तर उठतात.

आता कूलर बाहेर कसा उभा राहील ते. ८० लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच ८० किलो भरतं, वर पत्र्याचं आणि मोटारीचं वजन. तो ग्रिलला टांगायचा नाही, आणि इंजिनिअरला विचारल्याशिवाय छज्ज्यावरही ठेवायचा नाही. अँगलचा स्टँड करत असाल तर त्याचे बोल्ट विटांच्या भिंतीत न घालता आरसीसी बीममध्ये बसवा. बाल्कनी असेल तर सगळ्यात बरं.

त्या जागी चार गोष्टी आधीच द्या. पाण्याची अर्धा इंची लाइन आणि बंद करायचा कॉक, म्हणजे दुपारी बादल्या वाहाव्या लागत नाहीत. टाकीचं पाणी सोडायला जवळ ड्रेन, कारण डास होऊ नयेत म्हणून टाकी आठवड्याला रिकामी करून घासावी लागते, आणि बोअरच्या जड पाण्यानं पॅडवर क्षारांचा पांढरा थर धरतो तोही धुवावा लागतो. पावसापासून झाकलेला प्लग, त्याला अर्थिंग नक्की. कूलरचा पत्रा आणि पाणी एकत्र असतात, इथं अर्थिंग सुटलं तर जिवाशी खेळ आहे. चौथं, खिडकीची रचना. सरकत्या खिडकीत कूलरचं तोंड कसं बसणार, उरलेली फट कशानं झाकणार आणि डासांची जाळी कोणत्या ट्रॅकवर राहणार, हे खिडकीवाल्याला ऑर्डर देण्याआधी सांगा. कूलर आधी विकत घ्यायची गरज नाही, पण त्याच्या तोंडाचं माप हाती हवं.

एसीसाठी तांब्याचा पाइप आणि पाण्याचा ड्रेन पाइप प्लास्टरच्या आत घेता येतो, फक्त ड्रेनला पूर्ण लांबीभर उतार हवा. मध्ये जरा जरी पोट आलं तरी पाणी थबकून आतल्या युनिटमधून कपाटावर टपकतं. बाहेरचं युनिट पश्चिमेच्या उन्हात नको आणि मेकॅनिकला हात पोचेल अशा जागी हवं.

सगळ्यात वरच्या मजल्यावर राहात असाल तर आतल्या सजावटीआधी गच्चीकडे बघा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि वर पांढरा, ऊन परतवणारा थर आधी. हे न करता खाली फॉल्स सीलिंग घेतलं तर गळती दिसते ती जिप्सम भिजून डाग पडल्यावर. बेडरूममध्ये पूर्ण सीलिंग घेऊ नये असंच आमचं मत आहे. कडेनं पट्टा घ्या, मधला भाग स्लॅबचा राहू द्या. पंख्याची पाती छतापासून निदान फूटभर खाली हवीत, नाहीतर त्याला वरून हवाच मिळत नाही, आणि फरशीपासून ७ फुटांहून खाली तर मुळीच नकोत. पंख्याचा हूक स्लॅबमध्येच हवा. सीलिंगच्या पत्र्याच्या फ्रेमवर पंखा कधीही लटकवू नका.

वीज: प्रत्येक वस्तूचं नाव लिहा

"प्रत्येक खोलीत चार प्लग" असं सांगू नका. खोलीनिहाय वस्तूंची यादी करा आणि प्रत्येक वस्तूला तिची जागा व उंची द्या. मुख्य स्विचबोर्ड फरशीपासून ४ फुटांवर. पलंगाशेजारचा २४ ते २७ इंचांवर, आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागं तो झाकला जाणार नाही एवढा बाजूला. ओट्यावरचे प्लग फरशीपासून साधारण ४२ इंचांवर, सिंक आणि शेगडीपासून दूर. एसीचा पॉइंट ७ ते ८ फुटांवर. टीव्हीचे प्लग टीव्हीच्या मागं लपतील असे, आणि तिथून खालच्या कपाटापर्यंत एक रिकामा पाइप, म्हणजे पुढं कुठलीही केबल ओढता येते.

वायरचं माप इलेक्ट्रिशियनवर सोडू नका. दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटर, साध्या पॉवर प्लगला २.५, एसी आणि गिझरला ४. प्रत्येक एसीला आणि गिझरला वेगळी लाइन व वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच). पूर्ण घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवाच. इन्व्हर्टर घेणार असाल तर त्यावर चालणारे पंखे, दिवे आणि वायफाय यांची लाइन सुरुवातीपासून वेगळी ओढा, नंतर ती काढता येत नाही.

भाराचा हिशेब करा. दीड टनाचा एसी साधारण १.६ किलोवॅट, गिझर २, इंडक्शन शेगडी २. दोन एसी, एक गिझर आणि इंडक्शन एकाच वेळी चालले तर ७ किलोवॅटच्या वर गेलात. महावितरणच्या बिलावर मंजूर भार छापलेला असतो. तो कमी असेल तर वाढवून घेण्याचा अर्ज काम सुरू व्हायच्या आधी करा, कारण मीटर आणि मेन वायर बदलावी लागली तर तीही याच तोडफोडीत बसते.

झिरी मारताना कॉलम आणि बीमला कटर लागू द्यायचा नाही. चार इंची भिंतीत लांब आडवी झिरी नको, भिंत तिथंच कमजोर होते. महाल, इतवारीसारख्या भागातल्या जुन्या घरांत तर भिंतीच छताचा भार पेलत असतात. तिथं स्ट्रक्चरल इंजिनिअरनं बघितल्याशिवाय एकही भिंत फोडू नका.

पाणी आणि ओटा

बाथरूमची फरशी बदलणार असाल तर जुनी उखडल्यावर वॉटरप्रूफिंग, मग पाण्याची परीक्षा: ड्रेन बंद करून इंच-दीड इंच पाणी ४८ तास भरून ठेवायचं, पातळीवर खूण करायची, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छत बघायचं. ही परीक्षा झाल्याशिवाय टाइल लावू देऊ नका. उतार १०० ला १, म्हणजे ८ फुटांत साधारण एक इंच. टाइल घेताना क्षेत्रफळावर १० टक्के जास्त घ्या. दर खोक्यावरचा शेड आणि बॅच नंबर एकच आहे ना, ते दुकानातच बघा.

ओट्याची उंची ३२ ते ३४ इंच असं सगळे सांगतात. खरं माप रोज उभं राहणाऱ्या माणसाचं. हात कोपरातून वाकवला की कोपराच्या ४ ते ६ इंच खाली ओटा हवा. खोली २४ इंच. वरची कपाटं ओट्यापासून साधारण २ फुटांवर. चिमणीचं अंतर शेगडीपासून २६ ते ३० इंच, आणि तिचा ६ इंची पाइप कमीत कमी वळणांनी बाहेर काढा. प्रत्येक वळण ओढ कमी करतं. भिंतीचं भोक टाइल लावण्याआधी पाडून घ्यायचं.

सिलिंडर ओट्याखाली ठेवणार असाल तर त्या कप्प्याच्या खालच्या भागात जाळी किंवा भोकं हवीतच. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर तळाशी साचतो, वरच्या जाळीतून जात नाही. रेग्युलेटर लावून सिलिंडर सहज आत-बाहेर निघेल एवढी उंची आणि रुंदी मोकळी ठेवा, मध्ये आडवी पट्टी नको. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओला प्लग, नळ आणि वाया जाणाऱ्या पाण्याचा ड्रेन, तिन्ही एकाच ठिकाणी द्या.

प्लाय, सागवान आणि वाळवी

लकडगंजमध्ये प्लाय घ्यायला जाण्याआधी किती लागणार याचा हिशेब जवळ हवा. ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल कपाट घ्या. प्लायचा ताव ८ बाय ४. दोन बाजू आणि एक मधली उभी फळी, तीनही ७ बाय २. एका तावातून अशा दोन निघतात, म्हणजे दीड ताव. तीन दारं, तीही ७ बाय २, आणखी दीड. वरचा-खालचा तक्ता ६ बाय २, दोन्ही मिळून एक ताव, आणि २ बाय ४ चा तुकडा उरतो. ३ बाय २ चे सहा कप्पे: पाच एका तावातून, सहावा त्या उरलेल्या तुकड्यातून. एकूण १८ मिलिमीटरचे ५ ताव, पाठीला ६ मिलिमीटरचे २. ड्रॉवर वेगळे. कोणी याच कपाटाला आठ ताव सांगितले तर कटिंगचं चित्र कागदावर काढून दाखवायला सांगा.

दर्जा नावावरून नाही, शिक्क्यावरून ओळखा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ खाली फक्त दमटपणा सोसणारा साधा एमआर आणि पाणी बऱ्यापैकी सोसणारा बीडब्ल्यूआर येतो. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, ज्याला मानकानुसार ७२ तास उकळत्या पाण्याची परीक्षा द्यावी लागते. सिंकखाली, बाथरूमच्या व्हॅनिटीला आणि कूलरच्या खोलीत बाहेरच्या भिंतीलगत ७१० वापरा. हॉलच्या शोकेसला ३०३ पुरतो. दुकानातला नमुना आणि घरी उतरलेला माल वेगळा असू शकतो, म्हणून टेम्पोतून उतरताना प्रत्येक तावावरचा शिक्का बघा.

दाराला सनमायका दोन्ही बाजूंनी लावला पाहिजे. बाहेर १ मिलिमीटर, आत पातळ चालेल, पण रंग मारून आतली बाजू सोडली तर दार धनुष्यासारखं वाकतं. एका बाजूचा थर हवेतला ओलावा अडवतो, दुसरी बाजू तो ओढते. नागपूरची हवा मे मध्ये करकरीत कोरडी आणि जुलैत ओलीचिंब असते, त्यामुळे इथं हा दोष लवकर दिसतो. भरीव सागवानाचंही तसंच. न वाळलेलं लाकूड पहिल्याच उन्हाळ्यात आकसून फटी सोडतं. चंद्रपूर-गडचिरोलीकडचं, बाजारात सीपी टीक म्हणून विकलं जाणारं सागवान उत्तम, पण ते वाळलेलं आहे का हे ओलावा मापकावर बघा. १२ टक्क्यांच्या आत हवं. सागवान घनफुटावर विकतात. जाडी आणि रुंदी इंचात, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. एका दाराच्या चौकटीला ५ बाय २॥ इंचाचं १७ फूट लाकूड धरलं तर १.४८ घनफूट. दुकानदारानं मोजलेल्या आकड्याशी हा पडताळून बघा.

तळमजल्यावर आणि जुन्या घरात वाळवीचा बंदोबस्त सुतारकामाच्या आधी. फरशी आणि भिंत मिळते तिथं ठरावीक अंतरावर भोकं पाडून औषध सोडतात. कपाटं बसल्यावर तिथं ड्रिल पोचत नाही. बाहेरच्या भिंतीला टेकणाऱ्या कपाटामागं अर्धा इंच फट ठेवा आणि कपाट थेट फरशीवर न बसवता ४ इंची पीव्हीसी किंवा ग्रॅनाइटच्या पट्टीवर घ्या, म्हणजे पोछ्याचं पाणी प्लायला लागत नाही. काळ्या मातीवर बांधलेल्या घरांत दर पावसाळ्यात माती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे तळमजल्याच्या भिंतींना तिरप्या चिरा जातात. अशी चीर दर वर्षी रुंदावत असेल तर ती पुट्टीनं झाकू नका, आधी पायाकडे बघून घ्या.

कोटेशन वाचायचं कसं

तीन कोटेशन घ्या, पण तिघांनाही तुमचंच चित्र आणि तुमचीच यादी द्या. नाहीतर तीन वेगळ्या कामांचे तीन आकडे हातात येतात.

ओट्याचा दर रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर असेल तर कोपरा कसा मोजलाय ते विचारा. ८ आणि ६ फुटांच्या एल ओट्याचे कोणी १४ फूट धरतो. कोपरा दोनदा न मोजता ते ८ अधिक ४, म्हणजे १२ होतात. कपाट दर्शनी चौरस फुटावर असेल तर वरचा माळा त्यात आहे का, आतून सनमायका आहे का, पाठ किती मिलिमीटरची, बिजागऱ्या आणि चॅनल कोणत्या कंपनीचे, हँडल धरलेत का, हे सगळं लिहून घ्या. जीएसटी धरलाय की वर लागणार, तेही. मजूर तुमचा आणि माल तुमचा अशी पद्धत घेतलीत तर पैसे वाचू शकतात, पण मग कमी पडलेला स्क्रूचा डबा आणायला दुपारी दीड वाजता तुम्हीच धावणार. नोकरी करणाऱ्यांनी हे धरूनच ठरवावं.

पैसे टप्प्यांत द्या आणि टप्पे कामाला बांधा, तारखांना नाही. झिरी आणि प्लंबिंग पूर्ण, सांगाडे उभे, दारं आणि सनमायका पूर्ण, असे. शेवटचे १० टक्के काम संपल्यानंतर महिनाभरानं द्या. ड्रॉवर अडकणं, दार खाली उतरणं हे वापरायला लागल्यावरच कळतं. एकूण खर्चाच्या १० ते १५ टक्के बाजूला ठेवा. जुन्या घरात भिंत उघडल्यावर आत काय निघेल ते आधी सांगता येत नाही.

सोसायटीची लेखी परवानगी, कामाच्या वेळा आणि मलबा टाकायची जागा आधी विचारा. लिफ्टमध्ये ८ फुटी ताव बसत नसेल तर हमाली मजल्यावर पडते, आणि जिन्याच्या वळणावर ताव वळतो का हे टेपनं बघावं लागतं. सोफ्याचंही तेच.

काम सुरू होतं त्या आठवड्यात

क्रम असा: तोडफोड, प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंग, वायरच्या झिरी, प्लास्टर, खिडक्या, फरशी, सीलिंग, पुट्टी आणि प्राइमर, सुतारकाम, रंगाचे हात, शेवटी दिवे आणि नळ. फरशी झाली की तिच्यावर प्लास्टिक आणि वर पीओपीचा पातळ थर. सुतारकाम त्यावरच व्हायला हवं. नुसता पुठ्ठा टाकला तर खाली घुसलेली खडी पायाखाली घासून टाइलवर ओरखडे काढते.

झिरी बुजवण्याआधी प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या. टेप उलगडून भिंतीवर धरा, म्हणजे पाइप कोपऱ्यापासून किती इंचांवर आहे ते फोटोत वाचता येईल. फोटोला खोलीचं आणि भिंतीच्या दिशेचं नाव द्या. दोन वर्षांनी फोटोफ्रेम टांगायला ड्रिल हातात घ्याल तेव्हा हा फोटो शोधाल. त्याच फोल्डरमध्ये सनमायकाचा कोड, रंगाचा शेड नंबर, टाइलचा बॅच नंबर आणि वॉटरप्रूफिंगची हमीची पावती टाका. प्रत्येक टाइलचं एक खोकं आणि सनमायकाचा एक मोठा तुकडा माळ्यावर ठेवा. तोच शेड पुढच्या वर्षी दुकानात मिळेलच असं नाही.